मोटारीची झिलई



दुपारच्या उन्हांत रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एखाद्या काळ्या मोटारीकडे निरखून पाहिलें, तर तिच्या पत्र्यावर सूर्याचें जें प्रतिबिंब पडलेलें असतें त्याच्याभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं बारीक वलयें दिसतात. पाहणारा दोन पावलें सरकला कीं प्रतिबिंबाबरोबर तें जाळेंहि सरकतें. मालकाला वाटतें कीं, कोणी तरी गोल गोल फडकें फिरवून गाडीचा रंग बिघडविला. तें सर्वस्वीं खरें नसतें. चरे नाना दिशांना गेलेले असतात. परंतु ज्यांची दिशा प्रकाशाच्या वाटेला आडवी असते तेवढेच चरे किरणांना आपल्या डोळ्यांकडे परतवितात, बाकीचे दिसतच नाहींत. अशा आडव्या तुकड्यांची मालिका प्रतिबिंबाभोंवतीं मांडली गेली कीं वर्तुळांचा भास होतो. पानें गळून गेलेल्या झाडाच्या आड रस्त्यावरचा दिवा आला, तर त्याच्या फांद्याहि अशाच दिव्याभोंवतीं गोलाकार गुंफल्यासारख्या दिसतात. दोहोंचें कारण एकच आहे.

झिलई ही एखाद्या वस्तूवर चढवावयाची गोष्ट आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. 'गाडीला पॉलिश लावलें' असें आपण म्हणतों, तें याच समजुतीनें. वस्तुतः झिलई लावली जात नाहीं, ती उरते. पृष्ठभागावरचें उंचसखल काढून टाकल्यावर जें सपाट शिल्लक राहतें त्यालाच आपण चकाकी हें नांव देतों. हें काढून टाकण्याचें काम कोणीं केलें, कोणत्या साधनांनीं केलें आणि त्यासाठीं काय मोजलें, हा मोटारीच्या इतिहासांतील एक दुर्लक्षित अध्याय आहे.

घासल्यानें वस्तु चकाकते कां, हा प्रश्न मोटारीहून पुष्कळच जुना आहे. न्यूटननें १७०४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथांत त्याचें उत्तर दिलें. त्याच्या मतें कांच घासून गुळगुळीत करणें म्हणजे मोठे चरे काढून त्यांच्या जागीं लहान, आणि लहानांच्या जागीं त्याहून लहान चरे पाडीत जाणें होय. शेवटीं ते इतके सूक्ष्म होतात कीं दृष्टीला सांपडत नाहींत. त्याच शतकांत बाथ गांवीं विल्यम हर्शल हा संगीतशिक्षक दुर्बिणीचे धातूचे आरसे स्वतःच्या हातांनीं घाशीत असे. एकदां आरशावरून हात न उचलतां त्यानें सोळा तास काम चालविलें, आणि त्याची बहीण कॅरोलिन हिनें त्याला घांस भरविले. १७८१ सालीं युरेनस ग्रह त्याच्या दृष्टीस पडला तो अशा घासलेल्या आरशांतूनच. पुढें १९०१ सालीं लॉर्ड रॅले यांनीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें याच विषयावर व्याख्यान देऊन न्यूटनच्या मताला मुरड घातली. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां झिलई हळूहळू सर्वत्र वाढत नाहीं, तर उंचवट्यांच्या माथ्यांवर ती पहिल्यापासूनच पूर्ण असते आणि काम चालेल तसतसें तिचें क्षेत्र रुंदावत जातें, असें त्यांना आढळलें. त्यानंतर जॉर्ज बेल्बी यांनीं १९२१ च्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, घासतांना पृष्ठभागाचा पातळ पापुद्रा द्रवासारखा वाहतो आणि खांचा भरून काढतो. १९३७ मध्यें केंब्रिजच्या बाउडन आणि ह्यूझ यांनीं प्रयोगानें दाखविलें कीं, घासणाऱ्या द्रव्याचा कठीणपणा जितका महत्त्वाचा, त्याहून अधिक महत्त्वाचा त्याचा वितळण्याचा बिंदु होय. या वादांत ज्याला त्याला सत्याचा एक एक अंश लाभला होता. कारण द्रव्य कोणतें आणि घासणी कोणती, यावर उत्तर बदलतें.

उष्णतेनें पृष्ठभाग वाहतो हें आपल्याकडील कातारी शास्त्रज्ञांच्या आधींपासून ओळखून होते. लाखकामाची रीत पाहावी. फिरत्या लांकडाला रंगीत लाखेची कांडी टेकविली कीं घर्षणाच्या उष्णतेनें लाख मऊ होते आणि लांकडावर सारखी पसरते. सावंतवाडीचें लाखकाम महाराष्ट्रांत सर्वांना ठाऊक आहे. याच लाखेच्या नांवानें, म्हणजे संस्कृत लाक्षा या शब्दानें, पोर्तुगीजांच्या मार्फत युरोपांत प्रवास केला आणि तेथें चकाकणाऱ्या लेपाला 'लॅकर' हें सामान्य नांव मिळालें. हें नांव पुढें मोटारीच्या अंगावर कसें येऊन बसलें तें लवकरच दिसेल.

मोटार जन्मली तेव्हां तिच्यासाठीं वेगळा रंग कोणींच शोधला नव्हता. ती घोड्याच्या गाडीची वारस होती, आणि तिचा रंगारीहि घोड्याच्या गाडीचाच रंगारी होता. त्याची पद्धत अशी: लांकडावर प्रथम जवसाच्या तेलांत कालविलेल्या सफेत्याचें अस्तर, तें वाळलें कीं घासावयाचें, मग खळगे भरणारे लेप, पुन्हां घासणें, मग रंगाचे थर आणि शेवटीं रोगणाचे थर. प्रत्येक थर वाळण्यास दिवस लागत, आणि दोन थरांमध्यें प्यूमिस नांवाचा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड किंवा त्याची भुकटी घेऊन तासन् तास घासावें लागे. चांगल्या गाडीला पंधरा-वीस लेप देत, आणि एक गाडी हातांवेगळी व्हावयाला कित्येक आठवडे जात. वर धूळ बसूं नये म्हणून रोगणाच्या खोलींत जमीन ओली ठेवीत. असें तयार झालेलें काम खोल पाण्यासारखें दिसे. तें टिकत मात्र नसे. ऊन-पावसानें रोगण पिवळें पडे, भेगाळे, आणि वरचेवर गाडी पुन्हां रंगाऱ्याकडे धाडावी लागे.

ही चकाकी ज्या हातांनीं उत्पन्न केली त्यांना तिची किंमत शरीरानें द्यावी लागली. सफेता म्हणजे शिशाचा क्षार. तो लावतांना जेवढा अपाय होतो, त्याहून कितीतरी अधिक अपाय वाळलेलें अस्तर कोरडें घासतांना होतो. कारण त्याची धूळ श्वासाबरोबर पोटांत जाते. पोटांत कळा येणें, हिरड्यांवर निळी रेघ उमटणें, मनगटांतील बळ जाऊन हात लुळा लोंबणें, हीं या विषाचीं परिचित लक्षणें होत. ज्याच्या मनगटाच्या कसबावर घर चालतें त्याचेंच मनगट जावें, याहून क्रूर रोग तो कोणता? डॉ. अॅलिस हॅमिल्टन या अमेरिकन विदुषीनें १९१० पासून इलिनॉय प्रांतांत आणि पुढें इतरत्र शिशाच्या धंद्यांतील कामगारांची घरोघर जाऊन चौकशी केली. रंगाऱ्यांच्या धंद्यावरील आपल्या अहवालांत कोरड्या घासकामाच्या धुळीवर तिनें स्पष्ट बोट ठेवलें. १९२१ सालीं जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें सफेत्यासंबंधीं जो करार संमत केला, त्यांतहि कोरडें घासल्यानें व खरवडल्यानें उडणाऱ्या धुळीपासून रंगाऱ्याचें रक्षण करावें, अशी तरतूद आहे.

इकडे मोटारींची संख्या भराभर वाढत होती. हेन्री फोर्डची टी मॉडेल गाडी १९०८ सालीं बाजारांत आली तेव्हां ती तांबड्या, हिरव्या, करड्या रंगांतहि मिळे. १९१४ पासून १९२५ पर्यंत मात्र ती केवळ काळ्या रंगांत निघाली. यांत फोर्डचा हट्ट होता असें मानण्याची प्रथा आहे. परंतु त्या काळ्या रंगाच्या मुळाशीं रसायन होतें. डांबराच्या जातीच्या खनिज द्रव्यापासून केलेलें तें काळें रोगण भट्टींत भाजून लवकर घट्ट करतां येई. स्वस्त पडे आणि टिकेहि. पण डांबर तें डांबर; त्यांतून निळा किंवा पिवळा रंग निघणार कसा? ज्या कारखानदारांना रंगीत गाड्या विकावयाच्या होत्या त्यांच्यापुढें सोपें गणित उभें राहिलें. दिवसाला हजार गाड्या तयार होत असतील आणि प्रत्येक गाडी वीस दिवस वाळत राहणार असेल, तर वीस हजार गाड्या छपराखालीं उभ्या ठेवाव्या लागतील. एवढीं छपरें कोठून आणावयाचीं?

या अडचणींतून वाट निघाली ती बंदुकीच्या दारूच्या कोठारांतून. कापसाला नत्राम्ल व गंधकाम्ल यांची प्रक्रिया केली म्हणजे भयंकर स्फोटक द्रव्य तयार होतें, हा शोध बाझल येथील शोनबाइन यानें १८४६ सालीं जाहीर केला होता. याच जातीचें, परंतु सौम्य द्रव्य द्रावकांत विरघळवून छायाचित्रांच्या फिती बनत. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या द्यू पाँ कंपनीनें बिनधुराची दारू प्रचंड प्रमाणावर तयार केली, आणि १९१८ सालीं युद्ध थांबतांच त्या कारखान्यांना काम काय द्यावें, हा प्रश्न तिच्यापुढें आला. १९२० च्या जुलै महिन्यांत न्यू जर्सीमधील पार्लिन येथील तिच्या प्रयोगशाळेंत एक घटना घडली. सोडियम अॅसिटेट मिसळलेल्या घट्ट द्रावणाचें एक पिंप सुट्टीच्या उन्हाळी दिवसांत तसेंच पडून राहिलें. उघडून पाहतात तों तें पातळ झालेलें. एरवीं असें द्रावण फवाऱ्यानें उडवावयाचें तर तें इतकें विरळ करावें लागे कीं थर नांवालाच बसे. आतां मात्र पुष्कळसें द्रव्य पोटांत घेऊनहि पातळ राहणारें द्रावण हातीं आलें. त्यावर संशोधन होऊन १९२३ सालीं 'ड्यूको' हा लेप बाजारांत आला, आणि जनरल मोटर्सनें ओकलंड जातीच्या १९२४ सालच्या निळ्या गाड्यांवर तो प्रथम वापरला. आठवड्यांचें काम कांहीं दिवसांवर, आणि लवकरच त्याहूनहि कमी वेळावर आलें.

या लेपाला योग्य द्रावकहि युद्धानेंच पुरविला. मँचेस्टर येथील रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमन यांनीं मक्यासारख्या पिष्टमय धान्यावर एका विशिष्ट जंतूचें किण्वन करवून अॅसिटोन मिळविण्याची रीत काढली होती. तोफांच्या दारूसाठीं ब्रिटिश सरकारला अॅसिटोन हवें होतें. त्या किण्वनांत अॅसिटोनच्या सुमारें दुप्पट ब्यूटॅनॉल निघे, आणि युद्धकाळांत त्याला फारसें कोणी विचारीत नसे. युद्धानंतर त्यापासून ब्यूटिल अॅसिटेट तयार करूं लागले, आणि तेंच ड्यूकोसारख्या लेपांचें उत्तम द्रावक ठरलें. तेव्हां मूळ द्रव्य स्फोटकाच्या घराण्यांतलें, द्रावक दारूखान्याच्या उकिरड्यावरचें, आणि नांव मात्र आपल्या लाखेचें. कारण हा लेपहि 'लॅकर' म्हणूनच ओळखला गेला. त्यांत लाखेचा कणहि असण्याचें कारण नव्हतें.

झिलईच्या दृष्टीनें या लेपांत एक मोठा फरक होता. जुनें रोगण आपल्याआपण पसरून चकाकत वाळे. शेवटच्या थराला कोणी हात लावीत नसे. ड्यूको इतका लवकर वाळे कीं त्याला पसरण्यास अवसर मिळेना. फवाऱ्याच्या पिचकारींतून तो उतरे तेव्हां निस्तेज आणि संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत दिसे. त्याची चकाकी नंतर घासून काढावी लागे. म्हणजे लेप देण्याचें काम घटलें, पण घासण्याचें काम शेवटच्या थरावर येऊन बसलें. मोटारीच्या झिलईचा स्वतंत्र धंदा खऱ्या अर्थानें येथें सुरू झाला.

साधनेंहि त्या सुमारास जुळून आलीं होतीं. एडवर्ड अॅचसन यानें १८९१ सालीं विजेच्या भट्टींत कार्बोरंडम तयार केल्यापासून निसर्गांतल्या दगडांवर विसंबण्याचें कारण उरलें नव्हतें. ठराविक जाडीचा, ठराविक कठीणपणाचा कण कारखान्यांत पाडतां येऊं लागला. १९२१ सालीं, म्हणजे सफेत्याचा तो करार झाला त्याच वर्षीं, अमेरिकेंतील थ्री एम कंपनीनें फ्रान्सिस ओकी याच्या कल्पनेवरून पाण्यांत भिजवून वापरतां येईल असा घासकागद विक्रीस काढला. पाण्यामुळें चरे बारीक पडत आणि मुख्य म्हणजे धूळ उडत नसे. कायद्यानें जें हळूहळू साधलें असतें, त्यांतील बराच भाग या साध्या कागदानें मोटारींच्या कारखान्यांत साधून दिला. त्याच कंपनींतील रिचर्ड ड्रू यानें १९२५ सालीं दोन रंगांची सीमा नीट राखण्यासाठीं कागदाची चिकटपट्टी काढली. आजहि पॉलिश करणारा कारागीर रबराच्या कडा झांकण्यासाठीं तीच वापरतो. विजेवर चालणारें, हातांत धरण्याजोगें भोंक पाडण्याचें यंत्र जर्मनींतील फाइन यांच्या कारखान्यांत १८९५ सालींच झालें होतें. तशाच यंत्राच्या तोंडाशीं बरम्याच्या जागीं मेंढीच्या लोकरीची गादी बसविली, कीं झालें पॉलिशचें यंत्र!

मुंबईशींहि या कथेचा धागा जुळलेला आहे. १९२८ सालीं जनरल मोटर्सनें शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. नव्या लेपाचें नांव येथल्या कारागिरांच्या तोंडीं इतकें रुळलें कीं विशेषनामाचें सामान्यनाम झालें. फवाऱ्यानें दिलेल्या कोणत्याहि चकचकीत रंगाला 'ड्यूको' म्हणण्याची चाल आपल्या गॅरेजांत पडली, आणि आज कपाटाला रंग देणारा सुतारहि तोच शब्द वापरतो. 'रबिंग-पॉलिश' हा जोडशब्द तेव्हांच्या कामाची खूण आहे: आधीं खरबरीत लुकणानें घासणें, मग बारीक लुकणानें उजळणें.

या लेपाच्या काळीं घासण्याला फारशी भीति नव्हती. थर जाड असे, आणि निस्तेज झालेला वरचा भाग काढला कीं खालीं तोच रंग ताजा मिळे. परंतु रंगाचें रसायन पुढें सरकत राहिलें. भट्टींत भाजलेलीं एनॅमलें आलीं, १९५६ च्या सुमारास अॅक्रिलिक लॅकर आलें, आणि १९८० नंतर जगभर निराळीच रचना रूढ झाली. तींत रंगाचा थर अगदीं पातळ असतो, आणि त्यावर पारदर्शक लेपाचा एक थर असतो. आपण मोटारीला हात लावतों तो या पारदर्शक लेपाला. रंगाला आपला हात पोहोंचतच नाहीं. आजच्या गाडीवर पत्र्यावरचे सर्व थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी भरते, म्हणजे वहीच्या एका-दीड पानाएवढी; आणि त्यांतला पारदर्शक लेप सामान्यतः ४० ते ५० मायक्रॉन असतो. सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंगाचें रक्षण करण्याचें काम त्याच्याकडेच आहे. हा अर्धा कागद म्हणजे गाडीची आयुष्यभराची शिल्लक होय.

ती शिल्लक खर्चावी कशी, हें यंत्राच्या गतीवर अवलंबून असतें. जुन्या पद्धतीचें यंत्र एकाच आसाभोंवतीं गरगर फिरतें. तें झपाट्यानें कापतें. पण एका जागीं रेंगाळलें तर उष्णता सांचते आणि लेप भाजतो. पत्र्याच्या घड्या आणि दरवाजांच्या कडा यांवर लेप मुळांतच पातळ असतो, आणि प्लॅस्टिकचा बंपर तर उष्णता वाहूनहि नेत नाहीं. तेथें क्षणांत रंग उघडा पडतो. शिवाय हें यंत्र आपल्याच वाटेच्या तिरकस खुणा मागें सोडतें, त्या उन्हांत पाण्यावरच्या तेलासारख्या हलतात. दुसरें यंत्र दुहेरी गतीचें. त्याची गादी स्वतःभोंवतीं फिरते आणि तिचा आस आणखी एका लहानशा वर्तुळांत धांवतो. त्यामुळें एकच कण एकाच वाटेनें दोनदां जात नाहीं. हात जड पडला तर गादीचें फिरणें आपोआप थांबतें. काम सावकाश होतें, पण चुकीची शिक्षा सौम्य असते.

जाणता कारागीर यंत्राला हात घालण्यापूर्वीं गाडी धुतो, चिकटलेले कण विशेष मातीच्या गोळ्यानें उचलून घेतो, लेपाची जाडी मापकानें पाहतो आणि हातभर जागेवर प्रयोग करून पाहतो. तो आरंभ सर्वांत मऊ गादीनें आणि सर्वांत बारीक लुकणानें करतो. त्यानें काम भागलें नाहीं तरच एक पायरी चढतो. अशा एका हातांत सामान्यतः दोन-चार मायक्रॉन लेप जातो. नखाला लागणारा चरा लेपांत खोल उतरलेला असतो. तो पूर्ण काढूं पाहणें म्हणजे खड्डा बुजविण्याऐवजीं सारें अंगण खणण्यासारखें आहे. त्याच्या कडा बोथट केल्या कीं तो डोळ्यांत खुपत नाहीं, आणि तेवढ्यावर थांबणें यांतच कारागिराची परीक्षा असते.

याच्या उलट एक रीत आहे. तेलकट किंवा मेणकट द्रव्य चोळलें कीं तें चऱ्यांत भरतें आणि गाडी तासाभरांत नवीसारखी झळकते. दोन पावसांनंतर जाळें पुन्हां वर येतें. मेणाचें रक्षण हवें म्हणून मेण लावणें योग्यच आहे. पण चरे काढल्याचे पैसे घेऊन ते बुजवून देणें ही फसवणूक होय. म्हणून चोख कारागीर काम झाल्यावर मद्यार्क मिसळलेल्या पाण्यानें पृष्ठभाग पुसून घेतो आणि मगच गिऱ्हाइकाला दिव्याखालीं दाखवितो.

शेवटीं एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. हीं वलयें बव्हंशीं रस्त्यानें पाडलेलीं नसतात. तीं आपल्याच हातांनीं पाडलेलीं असतात. गाडी उजळावी म्हणून रोज सकाळीं जें कोरडें फडकें तिच्यावरून फिरतें, तें रात्रभर बसलेल्या धुळींतील वाळूचे कण त्या मऊ लेपावर ओढीत नेतें. प्रथम भरपूर पाणी सोडून धूळ वाहूं देणें आणि स्वच्छ, मऊ कापड वापरणें, एवढ्यानें यंत्राची पाळी कित्येक वर्षें टळते. घोडागाडीच्या रंगाऱ्यानें आपलीं फुप्फुसें आणि मनगट खर्चून जी झिलई उत्पन्न केली, ती आज आपल्याला फारसे कष्ट न पडतां मिळते. परंतु तिचा सांठा मोजका आहे, आणि कारखान्यानें दिलेला तो मूळ थर घासून परत वाढत नाहीं. दहा-पंधरा वर्षें चालवावयाच्या गाडीच्या अंगावर चार बारीक चरे राहूं दिले तर तिचें कांहीं बिघडत नाहीं. ते काढण्याच्या हौसेनें लेप संपला, तर पुढचें ऊन थेट रंगावर पडतें.